पेचकस कानाला लावणारे भाया

आमच्या भायांनी जन्मभर एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला, तो म्हणजे आवाजावर. माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल, पण फिरणारी वस्तू खोटं बोलणार नाही, असं ते म्हणायचे. भाया म्हणजे माझ्या मालकांचे थोरले भाऊ. वाटूर फाट्यावर त्यांचं मोटरी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरमधली मोटर जळाली की आजूबाजूच्या गावांतून लोक ती मोटरसायकलवर आडवी बांधून आणायचे आणि भाया आतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरून द्यायचे. पण तार भरणं हे त्यांच्या लेखी हमालीचं काम. खरं काम त्याच्या आधीचं. चालू मोटरीच्या अंगाला पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. समोर ज्याची मोटर आहे त्याचा जीव वरखाली होत असायचा. मग भाया डोळे उघडून "मागचं बेरिंग" एवढंच म्हणायचे, आणि मागचंच बेरिंग निघायचं.

हे वेड दुकानापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण भायांनी तो पेचकस शिवणयंत्राला लावला, भिंतीवरच्या घड्याळाला लावला, गाभण म्हशीच्या पोटाला लावला, आणि जाऊबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांच्या गुडघ्यालाही लावला. "डाव्यात वंगण कमी हाय," असं त्यांनी जाहीर केलं. जाऊबाईंनी पेचकस हिसकून चुलीमागं फेकला आणि म्हणाल्या, "आधी तुमच्या डोक्याला लावा, आत काई फिरतंय का बघा." बदनापूरला आमच्या एका चुलत पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता मुठीत घेऊन उभे, मंगलाष्टका चालू, आणि भाया मांडवाच्या मागं जनरेटरपाशी वाकलेले. तिथून आले ते थेट भटजींजवळ गेले आणि म्हणाले, "महाराज, जल्दी घ्या. दोन कडव्यांपुरतं हाय." भटजींनी रागानं एक कडवं जास्तीचं म्हटलं. त्या जास्तीच्या कडव्यात दिवे, भोंगा, पंखे सगळं गेलं आणि नवरा-नवरीनं मोबाइलच्या उजेडात हार घातले. जनरेटरवाला आजही सांगतो की वाटूरच्या त्या म्हाताऱ्यानंच काहीतरी हात लावला.

दुसरी त्यांची खोड म्हणजे उघडून बघणं. कानानं नुसता संशय घ्यायचा, बिघाडाचं नाव मात्र उघडल्यावरच ठेवायचं, असा त्यांचा नियम होता. कुणी फोनवर विचारलं, मोटर घरघरतेय, काय झालं असेल, तर ते म्हणायचे, "आण. उघडू. मंग बोलू." जाऊबाईंना त्यांच्या लेकानं पुण्याहून नवा मिक्सर पाठवला तर भायांनी तो चटणी करायच्या आधी खोलला. परत जोडला तेव्हा एक स्क्रू उरला. तो त्यांनी देवळीत ठेवला आणि "कंपनीनं जास्तीचा दिलाय," म्हणाले. मिक्सर चालतो, पण चटणी वाटताना ओट्यावरून चालत जातो, त्याला एका हातानं धरावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळं लोक त्यांच्यावर रुसायचे आणि परत त्यांच्याकडंच यायचे. भाया कुणाला गोड बोलत नसत. मोटर गेली असेल तर "गेली" म्हणायचे. फाट्याच्या पलीकडच्या कोपऱ्यावर दुसरा एक मोटरवाला आहे, त्याच्या तोंडात कायम "होऊन जाईल". मोटर महिनाभर त्याच्याकडं पडलेली असते, इकडं ऊस वाळत असतो, तरी विचारलं की होऊन जाईल. भायांना हे दोन शब्द शिवीसारखे लागायचे. ते म्हणायचे, "अरे, तोंडावर सांग की न्हाई होत. गडी दुसरीकडं जाईल, पाण्याची सोय करंल. आशेवर बांधून कशाला ठेवायलास त्याला?"

अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले, आणि मी पडले मुकी. मुकी म्हणजे अगदी तशी नाही, पण बोलायला भिणारी. त्यात आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भायांसमोर पदर पुढं ओढायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत. आताच्या सुना हे पाळत नाहीत आणि मलाही कुणी सक्ती केली नव्हती. पण मला ती रीत सोयीची होती. थंडीत आयतं पांघरूण मिळावं तशी मी ती अंगावर घेतली आणि चोवीस वर्षं काढली नाही. भाया जेवायला बसले की मी मांजराकडं बघून म्हणायची, "अजून भाकर टाकू का म्हणावं." भाया मांजरालाच सांगायचे, "अर्धी." जाऊबाई म्हणायच्या, "एक दिवस ते मांजर कटाळून दुसऱ्याच्या घरी जाईल बघा." भायांचं माझ्याबद्दल मत काय होतं ते मला कळायला मार्ग नव्हता. जी वस्तू आवाज करत नाही ती त्यांच्या हिशेबी बंद, एवढं मला ठाऊक होतं.

म्हणूनच पुढं जे झालं ते असं झालं की, भाया आजारी पडताहेत हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं आणि त्यातलं खरं ते सगळ्यांत शेवटी माझ्या तोंडून निघालं.

गप्प बसणाऱ्याला फार दिसतं. भाया आडवं होऊन झोपायचे सोडून गादीच्या वळकटीला टेकून बसूनच झोपू लागले, ते मला दिसलं. त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायला लागला, सुतळीनं आवळल्यासारखा. पेचकसाला कान लावताना त्यांच्या मानेवरची शीर फुगून यायची. मी जाऊबाईंना म्हटलं, "दाखवून या म्हणावं." जाऊबाई म्हणाल्या, "म्हणलं मी. गॅस हाय म्हणतेत." मी मालकांना म्हटलं. ते म्हणाले, "मी सांगू? त्याला? मलाच उघडून बघंल तो."

एका दुपारी भाया दुकानातच चक्कर येऊन पडले. जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या भोवती पाणी साठलंय, त्यानं हृदयाला फुलायला जागा मिळत नाही. सुई घालून त्यांनी ते काढलं. पाणी लाल होतं. आपल्याकडं असं पाणी झालं की बहुतेक वेळा टीबीच निघतो, म्हणून त्यांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढं मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं की कुणीही पहिल्यांदा हेच धरून चालला असता. भायांनी मात्र खाटेवरून विचारलं, "उघडून बघितलं का?"

"काका, हृदय आहे ते," डॉक्टर म्हणाले.

"मंग नाव कशावरून ठेवलं?"

"अनुभवावरून."

येताना गाडीत भाया मालकांना म्हणाले, "अनुभवावर मी बी लई मोटरी चुकवल्यात."

तरी गोळ्या त्यांनी बराबर खाल्ल्या. लघवी लाल व्हायला लागली तेव्हा जाऊबाई घाबरल्या, तर भाया खूश. "औषध शेवटापर्यंत पोचतंय म्हणायचं," ते म्हणाले. तीन आठवडे बरे गेले. भाया पुन्हा दुकानात जाऊन बसले. मग त्यांचे रुमाल धुताना मला रक्ताचे डाग सापडायला लागले. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की खोकल्यातून रक्त आलं तर लगेच या. ते मी दाराआडून ऐकलेलं होतं. पण भाया ते कुणाला सांगत नव्हते. सांगितलं तर दुकान बंद करून घरी बसवतील ही त्यांना भीती. मला वाटलं, मोठ्या माणसाची लपवलेली गोष्ट आपण कशी उघडी करायची. मी मीठ लावून डाग चोळायची, रुमाल वाळत घालायची, घडी करून त्यांच्या उशाशी ठेवायची. असे दोन महिने.

पाणी पुन्हा भरलं तेव्हा संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. जाऊबाईंच्या गुडघ्यांमुळं त्या घरी राहिल्या. मालक सोबत होते, पण दवाखान्याच्या वासानंच त्यांना गरगरतं, ते बाहेर चहाच्या टपरीवर. त्यामुळं आत भायांसोबत डबा धरून उभी मी. तिथं एक बाई डॉक्टर होत्या, वयानं लहान, चेहऱ्यानं थकलेल्या. त्यांनी भायांच्या छातीवर थंड चिकट काहीतरी लावून एक यंत्र फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर राखाडी काहीतरी उघडत मिटत होतं. भायांनी विचारलं, "हे कशावर चालतं?" बाई म्हणाल्या, "आवाजावर, काका. आवाज आत पाठवायचा, आदळून परत येतो, त्याचं चित्र बनतं." भायांचा चेहरा असा खुलला की मी पदराआडून बघतच राहिले. ते म्हणाले, "म्हंजी माझंच काम की. फकस्त तुमचा पेचकस महाग हाय."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. यंत्र एकाच जागी धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तिसऱ्यांना. भाया पडल्या पडल्या तिघांची तोंडं बघत होते. मोटरीजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या गिऱ्हाइकांची तोंडं जशी असायची तसं त्यांचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात गाठ होती. "नातेवाईक कोण?" बाईंनी विचारलं. मी हात थोडासा वर केला. भाया म्हणाले, "ती माझ्याशी बोलत नसती. तुम्ही तिला सांगा, ती भिंतीला सांगंल, मंग भिंत मला सांगंल." बाईंना वाटलं आमचं भांडण आहे.

नुसत्या चित्रावरून गाठीचं नाव ठेवता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागेल, असं बाई म्हणाल्या. भायांनी मान डोलावली. हे बोलणं त्यांच्या पंथाचं होतं. मांडीच्या शिरेतून बारीक तार घालायची, ती वर हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकानं चिमटीभर तुकडा आणायचा. हे ऐकून भाया आजार विसरले. "किती गेजची तार?" त्यांनी विचारलं. बाईंना सांगता आलं नाही, तर त्यांनी आतून एक तार आणून त्यांच्या हातात दिली. भायांनी ती बोटांवर फिरवून बघितली, वाकवली, सोडली. "लई लवचीक हाय. ही मला मिळाली असती तर," असं म्हणून वाक्य अर्धंच सोडलं. तुकडा काढताना त्यांना भूल दिलेली नव्हती, नुसती जागा बधिर केली होती. पडद्यावर आपल्याच हृदयात शिरणारी तार ते शेवटपर्यंत बघत होते, असं नंतर बाईंनीच मला सांगितलं.

रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी मला आणि मालकांना एका खोलीत बसवलं. पुतण्या, म्हणजे भायांचा लेक, पुण्याहून आला होता, तोही होता. हृदयाचा कॅन्सर. हृदयाला कॅन्सर होतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "मी स्वतः आतापर्यंत पुस्तकातच वाचला होता." गाठीचे बारके बारके दाणे फुप्फुसात गेले होते, रुमालातलं रक्त त्याचं. त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांनाही सगळी चित्रं पाठवून विचारलं होतं. फुप्फुसात गेल्यावर छाती उघडून गाठ काढण्यात अर्थ नाही असं त्यांचंही मत पडलं. दर आठवड्याला सलाइनमधून औषध द्यायचं, लागू पडलं तर काही महिने मिळतील. पुतण्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "काकू, आण्णांना काई सांगायचं न्हाई. टीबीच हाय, जरा जुनाट हाय, असंच म्हणायचं."

आमच्याकडं असंच करतात. पेशंटला कुणी सांगत नाही, गावाला सांगतात. बाईंनी दोनदा विचारलं, "त्यांना सांगितलंत का?" पुतण्या दोनदा हो म्हणाला. मग भायांच्या खाटेभोवती जो येईल तो म्हणायला लागला, "होऊन जाईल आण्णा." पुतण्या म्हणाला, मालक म्हणाले, जालन्याहून भेटायला आलेले पाव्हणे म्हणाले. भाया प्रत्येकाचं तोंड बघायचे आणि कूस वळवायचे. त्यांना जेवण जाईना. गाठ त्यांना खात होती की हे दोन शब्द, मला सांगता येणार नाही. दुकानात सोळा मोटरी पडलेल्या होत्या, लोकांचे फोन येत होते, आणि भाया कुणालाच काही सांगू शकत नव्हते. कधी येणार ते सांगा, न येणार तर तसं सांगा, असं लोक विचारायचे. ते फोन कानाला लावून नुसते बसायचे.

एका सकाळी पुतण्या अंघोळीला गेला, मालक औषधं आणायला गेले. मी खाटेजवळ संत्रं सोलत होते. भाया म्हणाले, "बाई."

मी पदर ओढला आणि इकडंतिकडं बघितलं.

"इथं मांजर न्हाई," ते म्हणाले. "तूच सांग."

मी खाली बघूनच बोलले, पण त्यांच्याशी बोलले. म्हटलं, टीबी नाही. हृदयात कॅन्सरची गाठ आहे. फुप्फुसात गेलीय. कापून काढता येत नाही. औषधानं थोडे महिने मिळतील म्हणतात, नाही पण मिळणार. एवढं सगळं मी एका दमात म्हटलं, आणि मग मला जाणवलं की माझा आवाज बराच मोठा लागला होता, पलीकडच्या खाटेवरची बाई बघत होती.

भाया म्हणाले, "नाव काय तिचं?"

ते मी डॉक्टर बाईंकडून तीन वेळा म्हणून घेतलं होतं. "अँजिओसार्कोमा."

"परदेशी दिसतीया," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बघ, बिघाड बी साधा न्हाई काढला." आणि मग त्यांनी हात पुढं केला आणि संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या.

त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी सोळाच्या सोळा माणसांना फोन केले. "मी आता न्हाई करू शकत. मोटर उचलून न्या." कुठं नेऊ विचारलं तर पलीकडच्या कोपऱ्यावरच्याचं नाव सांगितलं. "तो टाइम लावतो, पण तार खोटी वापरत न्हाई." घरी आल्यावर जाऊबाईंनाही त्यांनी स्वतःच सांगितलं, मेथी निवडताना. जाऊबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. त्या चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि पाचव्या दिवशी पुतण्याला एवढं बोलल्या की तो पुण्याला जायचं विसरला.

औषधाचे नऊ आठवडे झाले. दर आठवड्याला पहाटेची गाडी, सलाइन, परत. डोक्यावरचे केस जातील असं बाई म्हणाल्या तर भाया म्हणाले, "घ्या, जे हायेत ते घ्या." नऊ आठवड्यांनी पुन्हा चित्र काढलं. बाईंनी त्यांना समोर खुर्चीवर बसवलं आणि गाठ वाढलीय, औषध लागू पडत नाही, असं सरळ सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. भाया म्हणाले, "बराबर बोललात." त्या दिवसापासून औषध बंद झालं.

आता मला माझं सांगायचं आहे. एका दुपारी भाया ओसरीवर वळकटीला टेकून बसले होते आणि मी शेंगा फोडत होते. मी म्हटलं, "तुमचे रुमाल मी धुवत होते. रक्त मला दिसत होतं. दोन महिने दिसत होतं. मी कुणाला बोलले न्हाई."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, अगं, त्यात तुझं काय. मला तेच ऐकायचं होतं. भायांनी दम घेतला आणि म्हणाले, "दोन महिने आधी कळलं असतं. वाचलो असतो का, ते डॉक्टरीण बाईला बी सांगता येणार न्हाई. पण दोन महिने आधी कळलं असतं, येवढं खरं." मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलं नाही. मग ते म्हणाले, "मी बी लपवून राह्यल्तो ना. आणि तू गप का असतीस, हे चोवीस वर्षांत एकदा बी विचारलं न्हाई मी."

त्यानंतर ते एकोणीस दिवस होते. त्या एकोणीस दिवसांत आम्ही फार मोठं काही बोललो असं नाही. शेंगा यंदा पोचट निघाल्या, शेजारच्या सुनेला दिवस गेलेत, खाटेचा कुठला पाय हलतो, असलंच. शेवटी शेवटी त्यांना बोलायला दम पुरायचा नाही, म्हणून मीच बोलायची. मी मध्ये थांबले की ते चादरीवर बोट हलवायचे, पुढं, म्हणून. मला सांगायला इतकं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. एका दुपारी मी थांबले तेव्हा बोट हललं नाही. शेजारणीचं दूध रोज का नासतं, त्याचं काहीतरी चाललं होतं. तेवढं मी पुरं केलं आणि मग जाऊबाईंना हाक मारली.